चिमूटभर सोरा

गिरगावात खोताच्या वाडीजवळ आमचे घर आहे. डिसेंबर लागला की शेजारच्या आंटींच्या फडताळातून चिनी मातीची एक जुनी बरणी खाली येते. आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या. नाताळच्या जेवणासाठी त्या जीभ खारवतात. जिभेला काट्याने टोचे मारायचे, जाडे मीठ, थोडी साखर, लिंबाचा रस आणि चिमूटभर सोरा चोळायचा, बरणीत ठेवून वर वजन द्यायचे आणि आठ-दहा दिवस रोज उलटायची. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६च्या कायद्याने बंदी होती, २०१५मध्ये ती बैलांनाही लागू झाली. त्यामुळे आता बरणीत म्हशीची किंवा रेड्याची जीभ असते, आणि बरणी ओट्यावर न राहता फ्रिजमध्ये जाते. बाकी रीत तीच.

काही वर्षांपूर्वी आंटींच्या नेहमीच्या दुकानदाराने सोरा ठेवणे बंद केले. त्या माझ्याकडे आल्या. "अगं, तू एवढी केमिस्ट्री शिकलीस. तुझ्या प्रयोगशाळेत सोरा असेल ना? चमचाभर आण."

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या कपाटात पाहिले, तर तो संपलेला. शेजारीच सोडियम नायट्राइटची बाटली होती. मनात आले, नाही तरी मांसात नायट्रेटचे नायट्राइटच होते. मग हेच नेले तर काय बिघडले? हा विचार किती धोक्याचा होता हे समजण्यासाठी आधी बरणीत काय चालते ते पाहायला हवे.

मांस खारवण्याची ही रीत एकट्या गिरगावची नाही. आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरातून सतराव्या-अठराव्या शतकांत खारवलेले गोमांस पिंपे भरभरून जहाजांवर चढे. इंग्रजीत त्याला 'कॉर्न्ड बीफ' म्हणतात. त्याचा मक्याशी संबंध नाही. 'कॉर्न' म्हणजे कण, दाणा. धान्याच्या दाण्याएवढे मिठाचे खडे वापरत, म्हणून हे नाव. गंमत अशी, की ते पिकवणाऱ्या गरीब आयरिश माणसाच्या ताटात ते क्वचितच पडे. पुढे अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या आयरिश लोकांना ते परवडू लागले, आणि १७ मार्चच्या सेंट पॅट्रिकच्या सणाला कॉर्न्ड बीफ हे तिथले ठरलेले जेवण झाले. ते मंद आचेवर उकडतात, मग वरून साखर आणि मोहरीचा लेप देऊन भट्टीत चकचकीत करतात. आंटींची जीभ आणि ते मांस, दोन्हींमागचे रसायनशास्त्र एकच.

पहिले काम मिठाचे. खारवलेला बांगडा किंवा लिंबाचे लोणचे का टिकते, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. "मीठ जंतूंना मारते" असे उत्तर येईल. ते अपुरे आहे. काकडीच्या दोन सारख्या चकत्या घ्या. एकीवर मीठ भुरभुरा, दुसरी तशीच ठेवा. अर्ध्या तासाने मीठ लावलेली चकती पाण्यात बसलेली आणि लिबलिबीत झालेली दिसेल. बाहेरचे द्रावण तीव्र असले की पेशीच्या पटलातून पाणी बाहेर पडते. हेच परासरण. जिवाणूचीही एक पेशीच असते. तिच्यातले पाणी असे ओढले गेले की तिची वाढ थांबते. आंटी टोचे मारतात ते मीठ आतपर्यंत लवकर पोचावे म्हणून.

दुसरे काम सोऱ्याचे. साधे मांस शिजले की तपकिरी होते. आंटींचे काप मात्र शिजल्यावरही गुलाबी असतात. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. त्याच्या मध्यभागी लोहाचा अणू असतो. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, लोहाची अवस्था बदलते आणि मांस तपकिरी दिसते. मग सोऱ्याने काय होते?

आपल्या देशात सोरा जुन्या काळापासून माहीत आहे. बिहारमध्ये खारट माती धुऊन तो काढत. बंदुकीच्या दारूसाठी युरोपीय कंपन्या पाटण्याहून जहाजे भरून तो नेत. पण मांसात त्याचे काय होते हे कळायला एकोणिसावे शतक संपत आले. जर्मनीत पोलेन्स्के यांनी १८९१मध्ये दाखवले, की खारवणीच्या पाण्यातले नायट्रेट हळूहळू नायट्राइट बनते. हे काम मीठ सोसू शकणारे काही जिवाणू करतात. नायट्रेटमध्ये नायट्रोजनच्या एका अणूबरोबर ऑक्सिजनचे तीन अणू असतात, जिवाणू त्यातला एक काढून घेतात, उरतात दोन. हे नायट्राइट पुढे नायट्रिक ऑक्साइड वायू देते. तो मायोग्लोबिनमधल्या लोहाला घट्ट चिकटतो आणि शिजवूनही न जाणारा गुलाबी रंग तयार होतो. हा शेवटचा दुवा इंग्लंडमध्ये हाल्डेन यांनी १९०१मध्ये स्पष्ट केला.

रंग ही झाली डोळ्यांना दिसणारी गोष्ट. न दिसणारी अधिक महत्त्वाची आहे. डिसेंबर १८९५मध्ये बेल्जियममधल्या एलझेल या गावी अंत्यविधीसाठी आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. बरेच जण आजारी पडले आणि तिघे दगावले. व्हॅन अर्मेंगेम यांनी त्या मांसातून एक जिवाणू वेगळा केला. तोच आजचा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. तो हवेशिवाय वाढतो, त्याची बीजाणू अवस्था उकळत्या पाण्यातही टिकते, आणि त्याचे विष अत्यंत जहाल असते. मांसाच्या गाभ्यात, जिथे हवा नाही आणि मीठ उशिरा पोचते, तिथे त्याचे फावते. नायट्राइट त्याची वाढ रोखते. म्हणजे आंटींच्या सासूबाई ज्याला "रंगासाठी" म्हणत, ती चिमूट नकळत पहाराही करत होती.

आता माझ्या बाटलीकडे येऊ. नेण्यापूर्वी सवयीने कागदावर हिशेब मांडला. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या मांसासाठी अमेरिकेतल्या नियमांत नायट्राइटची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. दोन किलोच्या जिभेला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. चहाचा एक सपाट चमचा नायट्राइट भरते पाच-सहा ग्रॅम. बारा ते पंधरा पट! माझा हात थांबला.

नायट्रेटमधून नायट्राइट थोडे थोडे, जिवाणूंच्या गतीने तयार होते. म्हणून अंदाजाने टाकलेली चिमूट पिढ्यान् पिढ्या निभावली. थेट नायट्राइट घातले तर ही गाळणीच उरत नाही. शिवाय जे रसायन मांसातल्या लोहावर परिणाम करते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहालाही सोडत नाही. त्या लोहाची अवस्था बदलली की रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, आणि हे जिवावर बेतू शकते. दिसायला दोन्ही मिठासारखीच, नावांत एका अक्षराचे अंतर. भरीला प्रयोगशाळेतले कोणतेच रसायन खाण्याच्या शुद्धतेचे नसते. मांस टिकवण्याच्या धंद्यात यावर एक साधा उपाय आहे. ९३.७५ टक्के साध्या मिठात ६.२५ टक्के नायट्राइट मिसळतात आणि त्याला मुद्दाम गुलाबी रंग देतात, म्हणजे कोणी ते साधे मीठ समजून वापरू नये. आपले सैंधवही गुलाबी असते, पण त्या रंगाचा नायट्राइटशी काही संबंध नाही. एकाच्या जागी दुसरे वापरता येत नाही.

योग्य मात्रेतही नायट्राइट निर्धोक आहे असे नाही. फार तापवले तर प्रथिनांपासून आलेल्या अमाइन्सशी त्याचा संयोग होऊन नायट्रोसअमाइन्स बनतात. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. क जीवनसत्त्व ही अभिक्रिया अडवते. म्हणून कारखान्यांत त्याचे क्षार खारवणीत घालतात. आंटींच्या लिंबात ते थोडेच असते, तरी पडते ते योग्य बाजूनेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये खारवलेल्या व तत्सम मांसाला कर्करोगकारक गटात टाकले. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा तिचा निष्कर्ष आहे. इथे 'रोज' हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून एकदा नाताळला खाल्लेले दोन काप आणि रोजच्या न्याहारीतले सॉसेज यांत फरक आहे.

शेवटी शिजवणे. जिभेत आणि छातीच्या मांसात कोलॅजन भरपूर. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे बराच वेळ राहिले की त्याचे मऊ जिलेटिन होते. म्हणून मंद आच आणि धीर हवा. पण पाण्यात तापमान शंभर अंशांवर जात नाही, त्यामुळे उकडलेल्या मांसाला खमंगपणा येत नाही. साखरेचा लेप देऊन भट्टीत ठेवले, की वरचे पाणी उडते, तापमान १४० अंशांपलीकडे जाते आणि शर्करा व अमिनो आम्ले यांच्यात मायार अभिक्रिया होते. भाकरीच्या डागांची आणि भाजलेल्या खोबऱ्याची चव हीच. आंटी भट्टी वापरत नाहीत, काप तव्यावर परततात. लेप असो की काप, सोनेरी झाला की थांबावे. करपवू नये, कारण नायट्रोसअमाइन्सही तिथेच वाढतात.

त्या संध्याकाळी मी आंटींकडे रिकाम्या हाताने गेले आणि सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग आता?" मी म्हटले, "फक्त मीठ आणि लिंबू. दोनच दिवस, फ्रिजमध्ये, आणि लगेच शिजवायची." पहारेकरी नसताना वेळ आणि ऊब दोन्ही कमी करायची, एवढाच त्यातला हिशेब.

नाताळला बशी आली. काप राखाडी होते. "चव आहे," आंटी म्हणाल्या, "पण रंग नाय ना!" मला मात्र तो राखाडी रंग पाहून हायसे वाटले. वर्गात नायट्रेट आणि नायट्राइट फळ्यावर लिहिताना बहुतेक मुलांना तो पाठांतराचा छळ वाटतो. त्या एका अक्षरावर शेजारच्या घराचा नाताळ अवलंबून होता, हे त्यांना जरूर सांगावे.