‘सेव्हन्टीन अगेन’: ब्रेकअपनंतरची जोडी आणि त्यांचंच जुनं गाणं

आजचं गाणं आहे युरिदमिक्सचं ‘सेव्हन्टीन अगेन’. नाव ऐकून कॉलेजची लव्हस्टोरी वाटेल, पण तसं काही नाहीये.

युरिदमिक्स म्हणजे दोघंच: गायिका ॲनी लेनॉक्स आणि गिटार-सिंथ सांभाळणारा डेव्ह स्ट्युअर्ट. आधी दोघं ‘द टूरिस्ट्स’ या ब्रिटिश बँडमध्ये होते आणि कपलही होते. १९८० मध्ये बँड मोडला, नातंही संपलं. आणि मग, ब्रेकअप झाल्यावर, त्यांनी युरिदमिक्स सुरू केलं! १९८३ मध्ये ‘स्वीट ड्रीम्स’ आलं आणि अमेरिकेत एक नंबरला गेलं. म्हणजे जगाने ज्यांना जोडी म्हणून ओळखलं, ते तेव्हा जोडपं नव्हतेच.

१९९० मध्ये दोघांनी काम थांबवलं. १९९९ मध्ये परत एकत्र येऊन ‘पीस’ हा अल्बम केला, त्यातलं हे गाणं. ॲनी तेव्हा ४४ची, डेव्ह ४७चा. गाणं त्यांच्या करिअरकडे मागे वळून बघतं, पण ‘ते दिवस किती छान’ असं गुळमुळीत नाही. खोट्या सेलिब्रिटींना, पेपर-मासिकांना मस्त टोमणे आहेत. मग सतराच का? माझा अंदाज सांगतो. त्या वयाच्या आसपास ॲनी स्कॉटलंडमधलं ॲबर्डीन सोडून लंडनच्या रॉयल अकॅडमीत बासरी शिकायला गेली होती. डेव्ह तिला भेटलाही नव्हता. प्रसिद्धी, प्रेम, भांडणं, सगळ्याच्या आधीचं वय.

खरी गंमत शेवटी आहे. गाणं संपत आलं असं वाटतं आणि त्यातच ‘स्वीट ड्रीम्स’ची चाल शिरते. मूळ गाणं आठवा: ड्रम मशीन, सिंथ, सगळं थंड आणि कोरडं. ॲनी खूप निराश असताना ते सुचलं होतं. त्यातला उभारी देणारा मधला तुकडा डेव्हच्या आग्रहाने आला. इथे तीच चाल मऊ साथीवर येते आणि चक्क आठवणीसारखी वाटते. आमच्या कोडिंगच्या भाषेत, फंक्शन तेच, फक्त इनपुट बदललं. इतर कोणी असं केलं असतं तर त्याला सॅम्पल म्हटलं असतं. इथे दोघं स्वतःलाच सॅम्पल करतायत, आणि तेही एकत्र.

ब्रिटनच्या चार्टवर हे २७व्या नंबरपर्यंतच पोचलं. मला विचाराल तर अन्यायच.

ऐकायचं असेल तर आधी १९८३चं लावा, लगेच हे. आणि प्लीज, फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा.