पेट्रोल कोण पितंय?

आमच्या ओम्नीच्या डॅशबोर्डाखालच्या खणात वहिनींची एक वही असते. शंभर पानी, कोपरे दुमडलेली, दर दोन पानांआड शेंगाचटणीच्या तेलाचा डाग. पेट्रोल भरलं की वहिनी तारीख, किलोमीटर, लिटर आणि रुपये असे चार आकडे लिहितात, पाचवा मनात काढतात आणि त्याला गोल करतात. त्यांचा व्यवसाय कडक भाकऱ्यांचा. धारवाडात पहाटे भाजायच्या, दहाच्या आत हुबळीतल्या खानावळींना आणि दुकानांना पोचवायच्या, येताना रिकाम्या टोपल्या आणि ज्वारीची पोती आणायची. आठवड्याचे सहा दिवस, रोज साठेक किलोमीटर. भाकरीमागे नफा पैशांतच मोजायचा, त्यामुळे गोलातला आकडा त्यांना तोंडपाठ असतो.

गेल्या जुलैत त्यांनी ती वही माझ्यापुढे धरली. "भाऊजी, पेट्रोल कोण पितंय ते जरा बघा."

मेपर्यंतच्या गोलांत साडेचौदा, चौदा, एकदा तर पंधरा. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून अकरा, साडेदहा, साडेदहा. म्हातारपणानं ॲव्हरेज उतरतं ते हळूहळू. इथे ते पायरी चुकल्यासारखं एकदम खाली आलं होतं, पाव हिश्शाहून जास्त.

गाडी २००९ ची. मारुतीनं ही व्हॅन १९८४ मध्ये आणली, चार वर्षांनी तिला ओम्नी हे नाव दिलं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबवलं. तोवर शाळेची मुलं, पेशंट, झेंडूची पोती आणि हिंदी सिनेमातले पळवून नेलेले सगळे लोक तिच्यातून जाऊन आले होते. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि तेही पुढच्या सीटखाली. जुन्यांना कार्ब्युरेटर होता, आमची इंजेक्शनवाली. मी निवृत्त माणूस, म्हणून घरात गाडीचं दुखणंखुपणं माझ्याकडे.

शेजारीपाजारी विचारलं तर सगळ्यांचं उत्तर तयार होतं: इथेनॉल. हल्ली कुणाची गाडी धाप टाकू लागली की दोष इथेनॉलचा. त्यात तथ्य नाही असं नाही, पण तथ्य किती हे मोजता येतं. एक लिटर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या मानानं तोटा सहा-सात टक्क्यांचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी एवढाच अंदाज दिलेला आहे. शिवाय त्याआधी दहा टक्के मिसळलेलं पेट्रोल आपण भरतच होतो. म्हणजे साडेचौदाचे साडेतेरा झाले तर बोट इथेनॉलकडे दाखवावं. साडेदहा झाले तर चोर दुसरा आहे.

दुसरा संशय पंपावर. पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप प्रत्येक पंपावर असतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. फरक पंचवीस मिलिलिटरच्या आत असायला हवा. मी मागितलं. पोरानं कपाळाला आठ्या घालून माप आणलं आणि पेट्रोल बरोबर रेघेला येऊन थांबलं. मी त्याचे आभार मानले. आठ्या तशाच राहिल्या.

मग मोजणीच तपासली. एकच पंप, तीच जागा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं, वर ठिबक-ठिबक भरायचं नाही. टाकी फुल ते टाकी फुल. आणि मोजायचं ते फक्त जाऊन येऊन. धारवाड उंचावर आहे, हुबळी खाली, मध्ये वीस किलोमीटर. नुसतं जाण्याचं मोजलं तर कुठलीही खटारा शहाणी वाटते. आठवड्यानं आकडा आला १०.४. वही खोटं बोलत नव्हती.

जुन्या हुबळीत आमचे एक चाचा आहेत. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खड्डा आणि चिंचेचं झाड. आमच्याकडे घरात मराठी, दारात कन्नड आणि गॅरेजात उर्दू असा रिवाज. चाचा तिन्ही भाषा एका वाक्यात वापरतात. मी वही पुढे केली. आकडे त्यांनी नीट वाचले, पण बॉनेट उघडलं नाही. ओम्नीला तसंही नाकाखाली इंजिन नसतं. किल्ली घेतली आणि म्हणाले, "बसा." उणकल तलावापर्यंत गेलो. बीआरटीएसच्या चिगरी बस मधल्या मार्गिकेतून सुसाट जात होत्या, आम्ही कडेनं, आणि चाचा जमेल तितका ब्रेक टाळत होते. सपाट रस्ता आला की न्यूट्रल करायचे आणि गाडी किती लांब लोळते ते बघायचे. गाडी लोळत नव्हती. रुसल्यासारखी थांबत होती.

तळ्याकाठी उतरून त्यांनी चारही चाकांना मधोमध उलटा हात लावला. पुढच्या दोन डिस्क, त्या गरम असणारच. मागचं उजवं कोमट. मागच्या डाव्यापाशी हात न टेकवताच मागे घेतला आणि बाटलीतलं चार थेंब पाणी शिंपडलं. चर्र झालं. "हिडदैति री," म्हणाले. ब्रेक धरलाय.

जॅक लावून ड्रम काढला तर हँडब्रेकची केबल तिच्या आवरणातच गंजून बसलेली. लिव्हर खाली यायचा, केबल यायची नाही, आणि ब्रेकचा शू अर्धवट घासत राहायचा. धारवाडचा पाऊस, अंगणातला उतार आणि वहिनींची हँडब्रेक करकचून ओढायची सवय, तिघांनी मिळून केलेलं काम. केबल बदलली, टायरमध्ये हवा कमी होती ती भरली. मला वाटलं, संपलं.

पुढच्या टाकीला गोलात ११.३ आले. वहिनींनी गोल केला आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. बोलल्या काहीच नाहीत.

दुसऱ्या फेरीत चाचांनी प्लग काढले. तिन्ही काळेकुट्ट, बोट फिरवलं तर चुलीच्या बुडासारखी कोरडी काजळी. नीट जळणाऱ्या इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी असतो, ओल्या बिस्किटाच्या रंगाचा. काळा म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. एअर फिल्टर झटकला, त्यात लाल माती होती, पण श्वास कोंडेल इतकी नाही. डिपस्टिक काढून नाकाशी नेली, मग माझ्या नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. कार्ब्युरेटरवाली असती तर चाचा सरळ चोककडे गेले असते. चोकची तार अडकली की गाडी अशीच पिते. आमच्या गाडीत तार नाही, मेंदू आहे. "मेंदूवाल्याकडे जा," म्हणाले.

गोकुळ रोडवर एका दुकानात स्कॅनर लावून घेतला. पडदा म्हणाला, दोष शून्य. तीनशे रुपये देऊन मी निरोगी गाडी घेऊन परत आलो.

आणि मग एक दिवस वहिनी सहज बोलून गेल्या. सोबत मी होतो, नवलूरच्या सिग्नलला थांबलो होतो, बाहेर झिमझिम पाऊस. "एक मात्र बरं झालं हं भाऊजी, हल्ली सीट तापत नाही. पोतं ठेवायची गरजच नाही."

ओम्नीत पुढे बसलेल्या कुणालाही विचारा. खाली इंजिन असल्यानं दहा किलोमीटरनंतर बूड शेकतं. वहिनी वर्षानुवर्षं सीटवर गोणपाटाची चौघडी घालून बसायच्या. मी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. तो खालच्या खुणेच्या जरासाच वर, झोपलेला. तसा तो महिनाभर असावा आणि आम्ही त्याच्याकडे बघून खूशच होतो, कारण मेमध्ये हाच काटा वर जाऊन टेकला होता. रेडिएटरचा पंखा शेवटचा कधी ऐकला, तेही आठवेना.

चाचांना हे सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "उद्या सकाळी आणा. चालू न करता आणा." धारवाडहून चालू न करता कशी आणणार? शेवटी रात्रीच गाडी त्यांच्या झाडाखाली लावून मी चिगरीनं घरी आलो.

सकाळी गार इंजिन चालू केलं आणि चाचांनी रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप मुठीत धरला. मलाही धरायला लावला. धडधाकट गाडीत हा पाइप पहिली काही मिनिटं गार राहतो. इंजिनातलं पाणी आतल्या आतच फिरत असतं, कारण वाटेत थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह दार लावून बसलेला असतो. पाणी ऐंशीच्या पुढे गेलं की दार उघडतं आणि पाइप एकाएकी हाताला चटका देतो. आमचा पाइप मिनिटाभरातच कोमट झाला. आणि कोमटच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, शेजारचा पोरगा झाडून गेला, चाचांनी एक विडी संपवली, मी पाइप लहान मुलाच्या मनगटासारखा धरून उभा. "तण्णग ऐति री," चाचा म्हणाले. गारच आहे.

सीट उचलली, दहाच्या पान्यानं दोन बोल्ट काढले, झाकण वर घेतलं. खाली वॉल्व्हचं घर रिकामं. वॉल्व्ह बिघडलेला नव्हता, तो तिथे नव्हताच.

पुतण्याला फोन लावला. मेच्या अखेरीस तो मित्रांना घेऊन गोकर्णला गेला होता. येताना अरबैल घाटात गाडी तापली, वाफा निघाल्या, रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीनं तासाभरात 'रेडिएटरचं काम' करून दिलं. काय काम, हे पुतण्यानं विचारलं नव्हतं. आता आठवून सांगू लागला, "काका, त्यानं एक पितळेचं काहीतरी काढून फेकलं. म्हणाला, हे थंड देशातल्या गाड्यांना लागतं, आपल्याकडे काय बर्फ पडतंय?"

हे वाक्य मी आयुष्यात निदान चार मिस्त्र्यांकडून ऐकलंय. त्यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते टिकून आहे. वॉल्व्ह काढला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन तापत नाही, गिऱ्हाईक खूश. पण आपल्या इंजिनाला बर्फापासून नव्हे, जूनमधल्या धारवाडपासून वाचवायचं होतं. पावसाळी हवा, हुबळीतल्या छोट्या फेऱ्या, दर दुकानापाशी गाडी बंद. अशात इंजिन तापायचंच नाही. पाण्यातला सेन्सर मेंदूला कळवायचा की इंजिन गार आहे, आणि गार इंजिनाला मेंदू जास्त पेट्रोल देतो, कारण गार भिंतींवर पेट्रोल नीट वाफ होत नाही. पहाटे चालू करताना मिनिटभर द्यायचा तो वाढीव खुराक आमच्या गाडीला दिवसभर चालू होता. स्कॅनरला दोष सापडला नाही तो यासाठीच. सेन्सर खरं सांगत होता आणि मेंदू त्यावर बरोबर वागत होता.

वहिनींना हे समजवायला मी तोंड उघडलं तोच त्या म्हणाल्या, "म्हणजे तवा तापायच्या आत भाकरी टाकल्यासारखं. सरपण जळतं आणि भाकरी कच्चीच."

नवा वॉल्व्ह लगेच बसवतील असं मला वाटलं होतं. चाचांनी आधी शेजारच्या चहावाल्याकडून पातेलं मागवलं. चहावाला कुरकुरला, पण दिलं. स्टोव्हवर पाणी ठेवून वॉल्व्ह दोऱ्याला बांधून त्यात सोडला, बुडाला टेकणार नाही असा. दिसायला तो एवढासा, पितळी टोपीवर स्प्रिंग. पोटात मेण असतं. ते वितळून फुगलं की दांडा सरकतो आणि तबकडी उचलली जाते. कडेवर उघडण्याचं तापमान कोरलेलं, ८२. पाण्याला बारीक बुडबुडे धरले तरी तो मिटलेलाच. मी वाकून बघत होतो, चष्म्यावर वाफ धरली. मग तबकडीच्या कडेनं एक केसाएवढी फट दिसली, आणि मोजायच्या आत ती करंगळी जाईल एवढी झाली. चाचांनी दोरा उचलून वॉल्व्ह हवेत धरला. तो सावकाश मिटला. "झिंदा है," म्हणाले.

तरीही बसवला नाही. घाटात गाडी मुळात तापली का, हा प्रश्न होताच, आणि अरबैलच्या मिस्त्रीनं तो विचारलाच नव्हता. पंख्याला बॅटरीची थेट तार दिली, पंखा गरगरला. म्हणजे मोटर ठीक. रिले बदलून पाहिला, तो मेलेला निघाला. उन्हाळ्यात कधीतरी गेला असणार. सपाट रस्त्यावर वारा असतो म्हणून कळलं नाही, घाटात पहिल्या गियरवर कळलं. नुसता वॉल्व्ह बसवून आम्ही निघालो असतो तर पहिल्याच मोठ्या सिग्नलला पुन्हा वाफा. नवा रिले, नवा वॉल्व्ह, गॅस्केट, ताजं कूलंट, आणि पेट्रोल मिसळलेलं ऑइल काढून नवं. शेवटी चाचांनी गाडी उभ्या जागी चालू ठेवली आणि पंखा आपोआप लागेपर्यंत एकही शब्द बोलले नाहीत.

पुढच्या दोन टाक्यांना गोलात १३.४ आणि १३.६. साडेचौदा काही परत आले नाहीत. त्या उरलेल्या एकात इथेनॉल किती आणि सोळा वर्षांची झीज किती, यावर शेजाऱ्यांशी वाद घालायला मी आता तयार आहे.

परवा धारवाडला परतताना काटा मध्यावर होता. रायापूरच्या चढावर वहिनींनी एक-दोनदा बूड हलवलं. घरी आल्यावर मागच्या पडवीत गेल्या, गोणपाट झटकलं, चौघडी केली आणि सीटवर नेऊन ठेवलं.