जठरव्रणाच्या उपचाराचा मागोवा

आम्लावाचून जठरात व्रण संभवत नाही, हा १९१० साली श्वार्ट्झ यांनी मांडलेला सिद्धांत वैद्यकविद्येने इतक्या निष्ठेने शिरोधार्य मानला होता की, दूधभाताचे पथ्य, मनःशांतीचा उपदेश, आम्लशामक औषधे आणि एवढ्याने न भागल्यास जठराचा काही भाग कापून काढणारी शस्त्रक्रिया, अशा क्रमाने रोग्याचे आयुष्य सरत असे. १९७६ नंतर सिमेटिडीन आले, पाठोपाठ रॅनिटिडीन. व्रण भरू लागले, पण गोळ्या थांबल्या की बहुतेकांचे दुखणे वर्षभरात पुन्हा उसळे.

ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना १९७९ साली जठराच्या तुकड्यांवर वक्राकार जंतू दिसले आणि पुढे बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत संवर्धनाच्या बशा नेहमीच्या मुदतीपेक्षा अधिक दिवस राहिल्या, तेव्हा तो जंतू प्रथमच उगवला. १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला. या धाडसाची कीर्ती दिगंत झाली. मला मात्र त्यानंतर औषधांची सांगड ज्या चिकाटीने घातली गेली, ती अधिक आदरणीय वाटते.

जठराच्या श्लेष्मल थराआड दडलेला हा जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करतो आणि भोवतालच्या आम्लाला नामोहरम करतो. दुर्बिणीतून काढलेला जठराचा तुकडा टाकल्यावर तपासणीचे पिवळे द्रव्य गुलाबी होते, ते याच अमोनियामुळे. एकट्या बिस्मथने तो दबे, पण परते. एकट्या मेट्रोनिडॅझोलला तो लवकरच दाद देईनासा होई. सिडनीच्या थॉमस बोरोडी यांनी ही दोन्ही औषधे टेट्रासायक्लिनसह एकत्र दिली, तेव्हा कोठे बहुसंख्य रोग्यांत त्याचे निर्मूलन झाले. नव्वदीच्या दशकात ओमेप्राझोल, अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे त्रिकूट रूढ झाले: आम्ल ओसरले की जंतू वाढीस लागतो आणि त्याची भित्तिका बांधली जात असतानाच अ‍ॅमॉक्सिसिलिन तिच्यावर घाला घालते.

आपल्याकडे आव पडली की मेट्रोनिडॅझोल घेण्याचा प्रघात जुना, त्यामुळे त्याला न जुमानणारे जंतूही येथे विपुल. क्लॅरिथ्रोमायसिनचा प्रभावही ठिकठिकाणी ओसरला. म्हणून बिस्मथ पुन्हा दरबारी रुजू झाले आहे: आम्लरोधकासह चार औषधे, चौदा दिवस. या मुदतीत तोंडाला धातूची चव येते, शौचास काळे होते. हे डॉक्टरांनी आधी सांगितले नाही, तर भेदरलेला रोगी औषध अर्ध्यावर टाकतो आणि उरलेले जंतू अधिक निबर होतात. मुदत पुरी झाल्यावर निदान चार आठवड्यांनी श्वासाची तपासणी करवून जंतू गेल्याची खातरजमा करावी लागते. पोटात दुखायचे थांबले, एवढा पुरावा त्यासाठी पुरेसा धरीत नाहीत.