आई बाहेर बसल्यावर

समजा, शहाडमधली पंधरा वर्षांची मुलगी आईबरोबर सरकारी रुग्णालयात आली आहे. तक्रार एवढीच, की चक्कर येते. केसपेपर निघतो, रक्त तपासलं जातं, हिमोग्लोबिन कमी निघतं. लोहाच्या गोळ्या देऊन मोकळं होता येईल. पण डॉक्टरांची नजर तिच्या बोटांवर जाते. टोकं निळसर. शेजारच्या उल्हासनगरच्या जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणणाऱ्यांच्या हातांना असा रंग लागतो. मग ही शाळेत कधी जाते? डॉक्टर केसपेपरवर लिहितात : मैत्री.

१० ते १९ वयोगटासाठीच्या सरकारी क्लिनिकचं महाराष्ट्रातलं हे नाव. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषणाच्या जोडीला मानसिक आरोग्य, व्यसन आणि हिंसा हेही विषय आले. रुग्णालयात समाजसेवक असणं मात्र जुनंच; मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिली नेमणूक १९४६ साली झाली.

मैत्रीत समाजसेविका आधी आईशी बोलते, मग म्हणते, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा, मी हिच्याशी थोडं बोलते." सगळ्यांना असंच सांगतात म्हटलं की आईलाही वावगं वाटत नाही.

दार लोटल्यावर पहिला प्रश्न नाही, तर एक अट येते. "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण कुणी तुला त्रास देत असेल, किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर मला पुढे सांगावं लागेल." हे आधीच सांगायचं असतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, की २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. पोरीनं मन मोकळं केल्यावर ही अट काढली, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही.

प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. परदेशात बेतलेली ही पद्धत 'हेड्स' म्हणून ओळखली जाते : घर, शिक्षण, मित्रमंडळी, नशा, लैंगिकता आणि शेवटी जीव नकोसा होण्याचे विचार. सोप्याकडून अवघडाकडे. "घरी कोण कोण असतं? तू झोपतेस कुठे?" हा दुसरा प्रश्न साधा दिसतो, पण कधी कधी सगळं घर त्यातच उलगडतं. नशेचं थेट विचारत नाहीत, "वर्गात कुणी गुटखा खातं का?" इथून सुरुवात. आत्महत्येचं मात्र स्पष्टच विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे.

उत्तरांवरून पुढची वाट ठरते. जिवाला धोका असेल, तर मुलीला एकटं न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. शाळा सुटली असेल, तर मुख्याध्यापकांशी बोलणं. घरीच असुरक्षित असेल, तर बालकल्याण समिती. रात्री-अपरात्री मदत लागली तर १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक मुलीला पाठ करून देतात. केसपेपर घरी जातो, कुणीही वाचतो. म्हणून नाजूक गोष्टी त्यावर लिहीत नाहीत, वेगळ्या नोंदीत ठेवतात.

खरी गळती होते ती दुसऱ्या भेटीआधी. आठवण करायला फोन करावा, तर तो बहुधा वडिलांचा असतो. म्हणून नंबर घेतानाच विचारायचं, "दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू?" उत्तर दोघींनी मिळून ठरवायचं : रक्त पुन्हा तपासायचंय.

बाहेर आई विचारणारच, "काय म्हणाली?" त्याचंही उत्तर दार उघडण्याआधी मुलीशी ठरलेलं असतं. "जेवण चुकतंय, ताई. आणि धाग्यांच्या कामाचं आपण तिघी बसून बोलू या का?"