चेटकीण मुलांना इतकी का आवडते?

मराठी रंगभूमीवरची सगळ्यात लाडकी जादूगारीण म्हणजे चेटकीण, आणि तिचं माहेर गिरगाव!

१९५९ साली सुधा करमरकर यांनी गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने ‘लिटल थिएटर’ सुरू केलं. पहिलं नाटक ‘मधुमंजिरी’, लेखक रत्नाकर मतकरी. अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आलेल्या सुधाताई त्यात स्वतः चेटकीण झाल्या. बालनाट्य म्हणजे शाळेच्या गॅदरिंगचा कार्यक्रम, हा समज त्यांनी मोडून काढला. मुलांसाठीही नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा सगळं चोख हवं, हा त्यांचा आग्रह.

पुढे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकर चेटकीण झाले. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात वैभव मांगले यांनी तीच भूमिका गाजवली. पुरुषाचा आवाज, लांब नाक, झिंज्या आणि तोऱ्यातली चाल! ही चेटकीण स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश असते, म्हणूनच तिची फजिती बघायला मुलं टपून बसतात. भीती आणि हसू एकाच वेळी देणं फार अवघड, आणि मतकरींना ते नेमकं जमलं होतं.

दादरच्या शिवाजी मंदिरात बालनाट्य लागलं की मुलांना जरूर न्या. जादू समोर घडताना बघण्याची मजा मोबाइलवर नाही!