शारजातली शिकवणी आणि पान २०



आमच्याकडे दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसातला शिकवणी असते. शारजात, अल नहदाला, आमच्याच हॉलमध्ये. सोफा भिंतीला सरकवायचा, सतरंजी टाकायची, झाला वर्ग. आसपासच्या बिल्डिंगमधली चौथी ते आठवीची सात-आठ पोरं येतात. बहुतेक मराठी, दोन मल्याळी, एक नेपाळी. आईबाप दुबईत कामाला. भाडं परवडतं म्हणून राहायचं इकडे आणि इत्तिहाद रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज जीव काढायचा. पोरं दुपारी घरी येतात, आईबाप रात्री. त्यात २०२२ पासून शारजात शुक्रवार-शनिवार-रविवार सुट्टी झाली, पण दुबईतल्या कंपन्यांना त्याचं काय! शुक्रवारी पोरं घरात एकटीच.

आम्ही पैसे घेत नाही. तरीही इथल्या कायद्याशी खेळ नको. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने खासगी शिकवणीसाठी मोफत परवाना सुरू केला, तो मी काढून ठेवलाय. (त्याबद्दल कळल्यावर आमच्या एचआरवाल्याने "साइड बिझनेस का?" असं विचारलंच.)

मी इंजिनियर माणूस, त्यामुळे गणित-सायन्स घ्यायचं ठरवलं होतं. पण पोरांचं दुखणं निघालं अरबीचं. इथल्या खासगी शाळांत आपल्या मुलांनाही पहिलीपासून नववीपर्यंत अरबी सक्तीची, आणि घरी शिकवणारं कुणी नाही. शेवटी मीही पोरांच्या शेजारी बसून अलिफ-बा गिरवलं. आमच्यात सगळ्यात हुशार होता एक सहावीतला मुलगा. मूळचा कराडजवळचा, जन्म इथलाच. माझं अरबी तोच तपासायचा.

गेल्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या वडिलांची नोकरी गेली. एसी मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, कंपनीने निम्मी माणसं कमी केली. बापाचा व्हिसा गेला की बायको-पोरांचाही जातो, हे आपल्याला सगळ्यांना माहीत असतं आणि आपण त्याचा विचार करत नाही. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, याला मराठी वाचायला येत नाही हो. गावच्या शाळेत कसं करायचं?"

मला एकदम खजील झाल्यासारखं झालं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. पोरगा घरी फर्डं मराठी बोलतो, पण 'ळ' कधी लिहिलेला नाही. आणि आम्ही दोन वर्षं त्याला काय शिकवलं, तर इथे राहायला लागेल ते.

तीन आठवडे होते हातात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पहिलीचं छापून आणलं. म्हटलं, पान २० काढ. तो चटकन म्हणाला, "पंचवीस ना काका?" अरबी पाच आपल्या शून्यासारखाच दिसतो! दोघंही हसलो, पण मला ते आतून लागलं. रोज रात्री एक तास बसलो. जोडाक्षरांपर्यंत पोचलो, रफार राहिले.

थकलेल्या फीमुळे शाळेने टीसी अडवली. वहिनी रडकुंडीला आल्या. इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत टीसीला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो. कलमाची प्रिंट काढून वहिनींच्या पर्समध्ये ठेवली. प्रवेश मिळाला. मराठीच्या पहिल्या चाचणीत वीसपैकी चार. (आता शून्य ओळखतो, तेवढं बरंय.)

जानेवारीपासून मराठी पोरांसाठी पहिला अर्धा तास मराठीचा ठेवलाय. एका आठवीतल्या मुलीचे वडील नाराज झाले. "आम्ही कुठे परत जाणार आहोत? हिला पुढे कॅनडाला पाठवायचंय, मॅथ्सचा वेळ कशाला घालवता?" काय उत्तर देणार? त्यांचाही व्हिसा नोकरीवर, माझाही.

गुरुवारी मुलीला त्यांनी पाठवलं. ती चाररेघी वही घेऊन आली, मराठीला दुरेघी लागते. इथल्या दुकानात ती कुठून मिळणार? मग पट्टी घेऊन बसलो आणि दहा पानांवर रेघा मारून दिल्या.