तिन्हीसांजेचा दिवा आणि घरांतील मुलें

१९७३ सालीं वाशीच्या खाडीवर पूल झाला, १९९२ सालीं आगगाडी आली, आणि आम्हांपैकीं कित्येक कुटुंबें नवी मुंबईंत स्थिरावलीं. तिन्हीसांज मात्र येथें जुन्या वाड्यांतल्यासारखी राहिली नाहीं. दिवेलागणीस आईबाप लोकलच्या गर्दींत असतात. देवापुढें निरांजन लावावें आजीनें, आणि शुभंकरोति म्हणावें चार वर्षांच्या नातवानें! त्याचें अर्धें लक्ष वाटींतल्या खडीसाखरेकडे. आम्हांस त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. आजोबांस मात्र शुद्ध उच्चार हवा. रामरक्षा अडखळली कीं पुन्हां पहिल्यापासून! (त्यांचें स्वतःचें पाठांतर छडीच्या धाकानें झालेलें.) मग दुसऱ्या दिवशीं निरांजन दिसतांच पोर पलंगाखालीं दडतें. ही भीति एकदां मनांत बसली, कीं मोठेपणींही जाणें कठीण.

गणेशचतुर्थीस तर घरच्या सर्वांचीच परीक्षा. आरती लांबते, नैवेद्य व्हावयाचा असतो, आणि भुकेलें लेकरूं मोदकाकडे हात करितें. अशा वेळीं सुनेस सासूबाईंच्या मुद्रेकडे पाहावें लागूं नये. सासूबाईंनींच नैवेद्याचें पान आधीं वेगळें काढून लेकरास वरणभात भरवावा. आणि उकडीचा एक लहानसा गोळा त्याच्या हातीं द्यावा. त्यानें वळलेला वांकडातिकडा मोदकही त्याच पानांत ठेवावा.